गाडी खाली घे

माणसाला कुणाचीच गरज लागू नये म्हणून जी साधनं निघाली, ती गाडीवर चढवायला दोन माणसं लागतात. गाडीच्या टपावर बसवायच्या तंबूसोबत एक माहितीपुस्तिका येते. तिच्या मुखपृष्ठावर एकटा माणूस डोंगरकड्यावर बसून, हातात वाफाळता मग धरून, सूर्योदय बघत असतो. आतल्या पानावर तंबू चढवण्याची रीत दाखवलेली असते. त्या चित्रात माणसं दोन. दोघं दोन टोकांना, दोघांचे गुडघे वाकलेले, दोघांच्या पाठी ताठ. हा दुसरा माणूस कुठून आला, काम झाल्यावर कुठे गेला आणि सूर्योदयाच्या वेळी त्याला मग का मिळाला नाही, याचा खुलासा पुस्तिकेत नाही.

या तंबूंची जात जुनी आहे. १९५८ साली इटलीत असे तंबू बनवायला सुरुवात झाली. पुढे जिथे रात्री जमिनीवर झोपणं हा धाडसाचा भाग होतो, त्या आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात ते फोफावले. कल्पना साधी आहे. गाडीच्या टपावर दोन आडव्या दांड्या, त्यांवर घडी केलेला तंबू, बाजूला शिडी. गाडी थांबवायची, घडी उलगडायची, शिडी चढायची आणि झोपायचं. सिंह खाली, आपण वर. वजन साधारण पन्नास ते ऐंशी किलो. म्हणजे एका धडधाकट माणसाइतकं, पण माणसाला निदान 'जरा उठ' म्हणता येतं.

आमच्याकडे सिंह नाही. फुरसं आहे, आणि सड्यावरच्या जांभ्या दगडात त्याची वस्ती मुबलक आहे, तेव्हा जमिनीपासून सहा फूट वर झोपण्याची कल्पना अगदीच टाकाऊ म्हणता येत नाही. पण मालवणी माणसाला हे पटवणं कठीण. त्याचा पहिला प्रश्न असतो, "जमिनीर जागा नाय काय?" दुसरा, "घरात झोपाक काय झाला?" या दोन प्रश्नांना आजवर कुठल्याही तंबूवाल्यानं समाधानकारक उत्तर दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

माझा पुण्याचा भाचा या दोन्ही प्रश्नांसह आमच्याकडे आला. तंबू त्याच्या आधी आला होता. पुण्यात त्याच्या इमारतीचं पार्किंग तळघरात आहे आणि तिथल्या तुळईखालून तंबू लावलेली गाडी जात नाही, हे त्यानं टेप लावून मोजलं होतं. म्हणून त्यानं ठरवलं, तंबू मामाकडे ठेवायचा, गाडी घेऊन यायचं, मालवणात तंबू चढवायचा आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं भटकायचं. ट्रान्सपोर्टच्या टेम्पोतून अडुसष्ट किलोचा खोका आला. दोन हमालांनी तो आमच्या खळ्यात ठेवला, चहा घेतला आणि हे काय आहे ते न विचारता गेले. परगावचे असावेत.

आमचं घर कुंभारमाठाच्या उतारावर. वर घर, घरापुढे सारवलेलं खळं, खळ्याच्या कडेला चिऱ्यांचा पुरुषभर उंचीचा बांध, आणि बांधाखालून जाणारी पाणंद. पाणंदीच्या तोंडाशी आमच्या दायादांचा फणस आहे. त्याची एक फांदी वाटेवर आडवी आली आहे. तिच्याखालून साधी मोटार सहज जाते, गवताचा टेम्पो मान वाकवून जातो, आणि आमचा गणपती पाटावरून उतरवून मांडीवर घेऊन जातो. फांदी तोडावी की नाही हा प्रश्न आमच्या वडिलांच्या हयातीपासून दिवाणी न्यायालयात आहे. तोवर फांदी वाढते आहे.

भाच्याची अट एकच होती. मदत घ्यायची नाही. पुढे कुठेतरी आडरानात तंबू काढावा-घालावा लागला तर तिथे कोण येणार? तेव्हा सराव इथेच. मी म्हटलं, बाबा रे, मालवण परिसरात वजन उचलणं कठीण नाही, ते एकट्यानं उचलणं कठीण आहे. त्यानं ते माझ्या वयावर घातलं.

त्यानं अभ्यास मात्र चोख केला होता. एकट्या माणसानं जड वस्तू वर चढवायच्या तीन रीती त्यानं मला पडवीत बसून समजावल्या. पहिली, पालटण्याची. खोका गाडीला टेकवून उभा करायचा आणि खालचं टोक उचलून वर लोटायचं. एक टोक टेकलेलं असलं की हातावर निम्मंच वजन येतं, म्हणजे चौतीस किलो. दुसरी, घसरणीची. सहा फूट उंचीला बारा फुटांचे दोन वासे तिरपे लावले की जोर निम्मा लागतो. मात्र लाकडावर खोका घासतो आणि त्या घासण्याचं वेगळं भाडं द्यावं लागतं. तिसरी, कप्पीची. एकच कप्पी वर टांगली तर वजन रतीभर कमी होत नाही, फक्त वर ओढायच्या ऐवजी खाली ओढता येतं, जे आपण विहिरीवर करतो. पण दोन वर आणि दोन खाली अशा कप्प्या लावून वजन दोराच्या चार पदरांवर घेतलं, तर अडुसष्टाचे सतरा होतात. बदल्यात खोका सहा फूट चढवायला दोर चोवीस फूट ओढावा लागतो. निसर्ग सूट देतो, पण हप्त्यानं वसूल करतो.

मुहूर्तही त्यानं हुशारीनं काढला. दुपारी दोन ते चार. या वेळात कोकणात कुणी मदतीला येत नाही, हे त्यानं बरोबर हेरलं होतं. पण त्याच दुपारी त्यानं बांगड्याचं तिखलं, उकड्या तांदळाचा भात आणि वर दोन वाट्या सोलकढी घेतली. मदत करणारे आले नाहीत. मदत नको असलेलाही पाच वाजता उठला.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी काम निघालं. गाडी खळ्यात, शेजारी खोका, आणि आंब्याच्या फांदीला कप्प्या. फांदी निवडताना मी फक्त एवढंच सुचवलं की ती शेवग्याची नको. दोराला पहिला ताण बसला, कप्पी करकरली आणि गडग्यापलीकडून पहिलं डोकं वर आलं.

"ह्यां काय?"

"टेंट आहे, काका. गाडीवर लावायचा."

"गाडयेर? जमिनीर जागा नाय काय?"

हा प्रश्न अपेक्षित होता. पुढचा नव्हता. "तू कोणाचो?" भाच्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. तेवढ्यानं भागलं नाही. भाचा म्हणजे थोरल्या बहिणीचा की धाकट्या? वडील कुठले? त्यांचं मूळ गाव कोणतं? काम काय करतोस, आणि लगीन झाला? एकीकडे खोका जमिनीपासून वीतभर वर टांगलेला, भाचा दोर दोन्ही हातांनी धरून मागे झुकलेला, आणि त्या अवस्थेत तो आपली सात पिढ्यांची माहिती देतोय. वजन किती, हा प्रश्न सगळ्यांत शेवटी आला. त्याच्या आधी, "कितक्याक पडलो?"

भाच्यानं आकडा पुटपुटला. काकांनी ऐकला. क्षणभर ते आकाशाकडे बघत राहिले. "तेवढ्यात एक खोली झाली असती मरे," ते म्हणाले. "संडासासकट."

दहा मिनिटांत खळ्यात माणसं जमली. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. कप्पीचा आवाज हेच आमंत्रण. जड वस्तूभोवती जी मंडळी जमतात त्यांचे प्रकार ठरलेले असतात, आणि आमच्याकडे प्रत्येक प्रकाराचा एकेक नमुना हजर झाला. एक गृहस्थ जन्मभर बोटीवर नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी भाच्याच्या हातातून दोर काढून घेतला, "आमी इंजिनां उचललंव हत" असं सांगितलं आणि आंब्याच्या बुंध्याला एक गाठ मारली. ती गाठ अप्रतिम होती. ती अजून तिथेच आहे. दुसरे गृहस्थ दोन्ही हात पाठीमागे बांधून हनुवटीनं दिशा दाखवणारे. "उजवीकडसून घे. नाय, नाय, तुझ्या उजवीकडसून." त्यांचे हात पाठीमागून पुढे आलेले कुणी पाहिलेले नाहीत, पण गावातलं कुठलंही जड काम त्यांच्याशिवाय झालेलंही नाही. तिसऱ्यांना हे सगळं पूर्वी एकदा झालं होतं ते आठवत होतं: विहिरीत पडलेली म्हैस कशी वर काढली, तिला किती माणसं लागली, त्यातली आता किती राहिली. आणि चौथे आमचे दायाद, फणसवाले. ते आमच्याशी बोलत नाहीत, पण आमच्याकडे काही पडण्याची शक्यता असली की येऊन उभे राहतात. ते गडग्याला टेकून दर दोन मिनिटांनी एकच शब्द उच्चारत होते. "पडतलो."

भाचा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, यांना सांगा ना, मी एकटा करतोय म्हणून."

आता हे कसं सांगायचं? या किनाऱ्यावर वजन कधी एकट्यानं उचललं गेलेलंच नाही. समोर कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरात सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. सुमारे तीन किलोमीटर लांबीचा तट. दगड होडीतून न्यायचा, लाटांत उतरवायचा, पायात शिशाचा रस ओतायचा. त्या कामावर 'मी एकटा करतो, तुम्ही बाजूला व्हा' असं कुणी म्हटल्याची नोंद नाही. रापण घ्या. समुद्रात अर्धवर्तुळात टाकलेलं ते प्रचंड जाळं दोन्ही टोकांनी ओढत किनाऱ्यावर आणायला डझनावारी माणसं लागतात. वाटेनं जाणारा कुणी दोराला हात लावून गेला, तर त्याच्या पदरात कालवणापुरती मासळी पडते. म्हणजे इथे मदत ही मागायची गोष्ट नाही, मिळकतीची आहे. जड वस्तू दिसली आणि हात लावला नाही तर माणसाला आपला वाटा बुडाल्यासारखं होतं.

पूर्वी एसटीच्या टपावर सामान चढायचं तेही असंच. मागच्या शिडीवर एक, टपावर एक, खाली चार. आंब्याच्या पेट्या, फणस, ट्रंका, कोंबड्यांची डालगी हातोहात वर जायची. फणस कुणाचा हे वर पोहोचेपर्यंत कुणाला ठाऊक नसायचं, आणि कधीकधी उतरवल्यावरही नसायचं.

पण याच किनाऱ्यावर एकट्यानं ओझं वाहणारे लोकही आहेत. एकट्यानं म्हणजे अगदी एकट्यानं. दशावतारी नटाबद्दल आमच्याकडे म्हणतात, 'रात्री राजा, सकाळी कपाळार बोजा.' रात्रभर सिंहासनावर बसून इंद्राला दरडावणारा माणूस उजाडल्यावर सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावाची वाट धरायचा. चिरेखाणीवरचा कामगार तीसेक किलोचा चिरा एकट्यानं खांद्यावर घेतो, आणि ओला चिरा असेल तर त्याहून जड. डोक्यावर लाकडांची मोळी, गवताचा भारा, माशांची पाटी घेऊन मैलोगणती चालणाऱ्या बायका तर मोजायच्याच नाहीत. यांच्यापैकी कुणाकडेही पुस्तिका नाही आणि सूर्योदय बघायला वेळ नाही.

या मंडळींना नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. ओझं डोक्यावर असताना त्यांना कुणाची गरज नसते. गरज लागते ती ते जमिनीवरून डोक्यावर जाईपर्यंत. चालणं एकट्याचं, उचलणं दोघांचं. म्हणून रस्त्यात पाटीजवळ उभी असलेली बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला "वायच हात लाव रे" म्हणते. तो हात लावतो, पाटी चुंबळीवर बसते आणि ती तरातरा निघून जाते. उपकार क्षणभराचे, ओळख नसली तरी चालते.

आणि समजा वाटेत कुणीच नसलं तर? त्याचंही उत्तर लोकांनी फार पूर्वी काढून ठेवलं आहे, आणि त्यात कप्पी नाही. शेजारी गोव्यात जुन्या वाटांच्या कडेला जांभ्या दगडाचे उंच कट्टे दिसतात. त्यांना दवरणें म्हणतात. कुणाच्या तरी स्मरणार्थ बांधलेले. उंची अशी की डोक्यावरचं ओझं न वाकता त्यावर सरकवता यावं, घटकाभर दम खावा आणि पुन्हा न उचलता डोक्यावर ओढून घ्यावं. ओझं जमिनीवर ठेवायचंच नाही, ही त्यातली सगळी मेख. जमिनीवर ठेवलंत की उचलावं लागणार. आपल्या पूर्वजांनी मेलेल्या माणसाच्या नावानं पाणपोया बांधल्या, धर्मशाळा बांधल्या. पण वाटसरूला दुसऱ्या माणसाची गरजच पडू नये म्हणून नुसती उंची बांधून ठेवणारा माणूस मला या सगळ्यांत जास्त हुशार वाटतो.

हे सगळं मी भाच्याला सांगणार होतो, पण तेव्हा खळ्यात मोठा वाद चालला होता. खोका तीन फुटांवर टांगलेला. वर न्यायचा तर आंब्याची फांदी नमते आहे, खाली घ्यायचा तर बोटवाल्यांची गाठ सुटत नाही. हनुवटीवाले उजवीकडे म्हणत होते. म्हैसवाले म्हणत होते की म्हशीच्या वेळी डावीकडून घेतलं होतं. त्यातच गाडीच्या टपाला एवढं वजन झेपेल का, असा नवा प्रश्न निघाला. भाच्यानं घाम पुसत सांगितलं की गाडी चालत असताना टपानं किती वजन पेलावं हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, ते त्यानं बघितलंय. आणि गाडी उभी असताना टप त्याच्या कितीतरी पट वजन घेतो, म्हणून तर आत दोन माणसं झोपू शकतात. "झोपतली," दायाद पहिल्यांदाच दुसरा शब्द बोलले. "पण गाडी दबतली. माणसा बसली की गाडी दबता." कुणी लक्ष दिलं नाही.

एवढ्यात मासेवाल्या काकी आल्या.

काकी रोज त्याच वेळी येतात. पाणंदीतून वर येताना त्या पाटी कधीच जमिनीवर ठेवत नाहीत. आमच्या गडग्याची एक जागा छातीच्या उंचीची आहे. डोक्यावरची पाटी त्या तिथे सरकवतात, मासे देतात, पैसे घेतात, आणि गडग्याला पाठ लावून, किंचित वाकून, पाटी पुन्हा डोक्यावर ओढून घेतात. मी त्यांच्याकडून बांगडे घेत आलोय, पण हे तंत्र कधी घेतलं नव्हतं. त्यांनी पाटी गडग्यावर टेकवली, चुंबळ सारखी केली आणि समोरचा देखावा पाहिला. आंबा, त्याला दोर, दोराला खोका, खोक्याला माणसं, आणि शेजारी उगाच उभी असलेली गाडी.

"वर कित्याक चढवतस?" त्या भाच्याला म्हणाल्या. "गाडी खाली घे."

खळ्यात शांतता पसरली. मग सगळे एकदम बांधाकडे वळले. बांध पुरुषभर उंचीचा. गाडीची उंची सहा फुटांच्या आसपास. गाडी पाणंदीत बांधाला लावून उभी केली तर तिचा टप आणि आमचं खळं एका पातळीत येणार. मग उचलायचं काय? सरकवायचं.

कोकण रेल्वे हेच करते. १९९९ पासून कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत भरलेले ट्रक मालगाडीवरून नेले जातात, आणि २०२५ मध्ये लोकांच्या मोटारीसुद्धा नेल्या. एवढ्या अवजड ट्रकना कुणी क्रेन लावून उचलत नाही. वाघिणीच्या पातळीला उतरण बांधून ठेवलेली असते, ट्रक आपल्या पायानं चढतो. इंजिनियर लोकांना हे कागदावर मांडावं लागलं. काकींना ते सरंगे-बांगड्यांनी शिकवलं होतं.

गाडी खाली घेतली. वर न्यायला चार पदर दोर लागतो, खाली आणायला पृथ्वी स्वतः मदत करते. ती किंमत विचारत नाही आणि लग्न झालंय का तेही विचारत नाही. बोटवाल्यांच्या गाठीला हात न लावता दोर वरच्या बाजूला कापला, खोका जमिनीवर आला, आतून तंबू निघाला. बांधाच्या कडेपासून टपापर्यंत दोन फळ्या टाकल्या. आता खरं तर एक माणूस पुरे होता. तंबूला मागून टेकू देऊन लोटलं की तो आपोआप जाणार. भाचा वाकला, हात लावला आणि मोठ्या आशेनं म्हणाला, "मी एकटा करतो हां."

"व्हय, व्हय, तूच कर," म्हणत नऊ जणांनी हात लावला. हनुवटीवाल्यांचेही हात पाठीमागून पुढे आले; या घटनेला मी साक्षी आहे. तंबू सरकला. इतक्या वेगानं सरकला की पलीकडच्या बाजूनं उतरणार होता, पण तिथे दायाद उभे होते. "पडतलो," ते म्हणाले आणि तो पडू नये म्हणून त्यांनी धरला. सवयीनं बोलले ते एक, हातानं केलं ते दुसरं.

पुढचा तास नटबोल्टांचा. आडव्या दांडीच्या खालून बोल्ट आवळायला तेरा नंबरचा पाना लागत होता. भाच्याकडच्या पेटीत बारा होता आणि चौदा होता. पाना ट्रॉलरच्या मेकॅनिककडून आला आणि पान्यासोबत मेकॅनिकही. त्यानं सांगितलं की खाऱ्या हवेत बोल्टला आधी ग्रीस लावायचं, आणि थोडं अंतर चालवून झालं की पुन्हा एकदा आवळायचं, कारण गाडीच्या हादऱ्यानं ते ढिले होतात. त्या सकाळी मिळालेल्या सल्ल्यांपैकी हा एकच पुस्तिकेतही होता.

मग चहा झाला. चहाच्या वेळी श्रेयाची वाटणी झाली, आणि ती रापणीच्या वाट्यांइतकी काटेकोर होती. गाठ बोटवाल्यांची, दिशा हनुवटीवाल्यांची, अनुभव म्हशीचा, पाना मेकॅनिकचा. काकींनी आपला वाटा मागितला नाही. त्यांनी मला बांगडे नेहमीपेक्षा महाग दिले. भाच्याच्या वाट्याला तंबूची मालकी आली. त्यानं मला हळूच विचारलं, "म्हणजे एकट्यानं जमलं असतं ना मामा?" मी म्हटलं, नक्कीच जमलं असतं. बांध पाहिजे, फळ्या पाहिजेत, आणि आजूबाजूला मालवण नको.

गाडी निघाली आणि पन्नास पावलांवर थांबली. समोर फणसाची फांदी.

पुण्यातली तुळई मोजली होती, ही फांदी मोजायची राहून गेली होती. गाडी सहा फुटांची होती तेव्हा प्रश्न नव्हता. वर दांड्या आणि तंबू धरून ती साडेसात फुटांची झाली होती. फांदी आणि तंबू यांच्यात दोन इंचांचा वाद होता. अख्खी वरात पाणंदीत उतरली. फांदी तोडा, मेकॅनिक म्हणाला. सगळ्यांनी दायादांकडे पाहिलं. "फांदेक हात लावचो नाय," दायाद म्हणाले, "ती कोर्टात आसा." टायरमधली हवा काढा, बोटवाले म्हणाले. पण हवा पुन्हा भरायचा पंप थेट भरड नाक्यावर. तंबू उतरवा, असंही कुणीतरी म्हणालं. त्या माणसाकडे भाच्यानं ज्या नजरेनं पाहिलं तिचं वर्णन करवत नाही.

तेव्हा दायाद पुढे आले. गेल्या वीस वर्षांत त्यांनी आमच्या कुठल्याही वाहनाला स्पर्श केलेला नव्हता. त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं, आत बसले आणि गाडी त्या बाजूला चांगली अर्धा इंच खचली.

"सांगी होतंय ना," ते म्हणाले, "माणसा बसली की दबता. बसा सगळी."

बसले. बोटवाले, हनुवटीवाले, म्हैसवाले, मेकॅनिक, गडग्यापलीकडचे काका, आणखी कोण कोण. मागच्या बाकांवर पाच, मधल्या सीटवर चार. पुढची सीट काकींना आणि त्यांच्या पाटीला. स्प्रिंगांनी एक दीर्घ सुस्कारा सोडला. भाच्यानं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, आणि सकाळपासून ज्यांना तो घालवू पाहत होता त्या प्रत्येक किलोच्या जोरावर तंबू फांदीखालून चार पानं घासत पलीकडे गेला. जड वस्तू उचलायला फारशी माणसं लागत नाहीत, हे त्याचं म्हणणं शेवटपर्यंत खरं ठरलं. माणसं लागली ती दाबायला.

फणस मागे पडला. भाच्यानं गाडी थांबवली, मागे वळून सगळ्यांचे मनापासून आभार मानले आणि दार उघडायची वाट बघत बसला.

कुणी हललं नाही. काकींनी पाटी मांडीवर सारखी केली. मागून दायादांचा आवाज आला, "आता बसलंवच, तर भरडार सोड."